टाकाऊ वस्तूंची खेळणी दोन दिवसांत का मोडतात, आणि मुलं त्यांच्याशी खेळत का नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेचार वर्षांची, धाकटा चौदा महिन्यांचा. खोके, बाटल्या, झाकणं तुम्ही हौसेने साठवता आणि व्हिडिओ बघून रॉकेट, किल्ला, मोटार असं काही ना काही बनवता. त्यात दोन-अडीच तास जातात. मुलगी पहिल्या दिवशी हरखून जाते, दुसऱ्या दिवशी चाक निखळतं किंवा खेळणं कोपऱ्यात पडून राहतं. गोंद कोणता वापरू, धाकट्याच्या दृष्टीने कोणत्या वस्तू सुरक्षित आणि साठलेल्या पसाऱ्याचं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली २१ वर्षं तीन ते दहा वयाच्या मुलांबरोबर अशीच खेळणी बनवतेय. खेळणं मोडतं त्यात गोंदाचा दोष क्वचित असतो, बहुतेक वेळा जोड चुकलेला असतो. आणि मुलगी खेळत नाही, कारण ते खेळणं तुम्ही बनवलेलं असतं, तिच्या वाट्याला फक्त बघणं आलेलं असतं. दोन्ही गोष्टी सुधारता येतात. काही बाबी मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहेत: धाकटा झोपलेला असताना तुम्हाला किती वेळ मिळतो, मुलीला कात्री कितपत धरता येते, सामान उंचावर ठेवायला जागा आहे का. जिथे अशी अट लागू होते तिथे तसं सांगेन.

आधी धाकट्याचं बोलू, कारण तिथे चूक करून चालणार नाही.

तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना प्रयोगशाळेत एक छोटं नळकांडं वापरतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तळ तिरका असतो, म्हणून खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. जी वस्तू न दाबता या नळकांड्यात पूर्ण मावते, ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते असं धरतात. आता पाण्याच्या नेहमीच्या बाटलीचं झाकण मोजून बघा. ते साधारण ३० मिलिमीटर भरेल. म्हणजे जवळपास प्रत्येक व्हिडिओत चाक म्हणून दिसणारी वस्तू नेमकी त्या नळकांड्यात मावणारी आहे. घरी कसोटीसाठी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती सुमारे चार सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे प्रयोगशाळेपेक्षा आपली चाचणी जरा जास्तच कडक होते, आणि ते बरंच आहे. तिच्यातून जे आरपार जातं ते धाकट्याच्या हाती लागता कामा नये.

झाकण गाडीला पक्कं लावलंय म्हणून ते सुरक्षित झालं, असं मात्र समजू नका. या वयाचं मूल वस्तू ओळखतं ती तोंडाने. ओढणं, पिळणं, चावणं हे सगळं आधी आपण करून बघायचं.

चार वस्तू तर मी लहान मूल असलेल्या घरात कामाच्या टेबलावरसुद्धा येऊ देत नाही. पहिली, बटणासारखी गोल चपटी बॅटरी. जुना रिमोट, गाणारं शुभेच्छापत्र, वजनकाटा यांत ती सापडते आणि चकचकीत असल्यामुळे मुलांना हवीशी वाटते. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं. दुसरी, छोटे जोरकस लोहचुंबक. एकापेक्षा जास्त गिळले तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या घड्यांतून एकमेकांना खेचतात आणि मधला भाग चिमटला जातो. तिसरी, रबरी फुगा आणि विशेष करून त्याचे फुटलेले तुकडे. ते श्वासनलिकेवर पडद्यासारखे बसतात. फुग्याच्या हवेवर पळणारी गाडी मला अतिशय आवडते, पण धाकटं भावंड रांगतं-चालतं असेल तर मी ती करत नाही. चौथी, लांब दोरी. अगदी लहान मुलांच्या खेळण्यांसाठी युरोपातल्या मानकात दोरीची लांबी २२ सेंटीमीटरपर्यंतच चालते. त्यामागचं कारण सरळ आहे, त्याहून लांब दोरीचा गळ्याभोवती फास बसू शकतो.

बाकीची वर्ज्य यादी भरभर सांगते. औषधांच्या बाटल्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं, फरशी-संडास साफ करायच्या द्रावणांच्या आणि कीटकनाशकांच्या बाटल्या (कितीही धुतल्या तरी नको, आणि त्या बाटलीशी खेळायची सवय लागणं हा वेगळाच धोका), फवाऱ्याचे डबे, ट्यूब आणि बल्ब, तुटल्यावर धारदार होणाऱ्या सीडी, दाणे सुटणारं थर्माकोल. दुकानाची गुळगुळीत छापील बिलंही चित्रकामाला देऊ नका. त्या कागदावर उष्णतेने काळा होणारा रासायनिक थर असतो आणि त्यात बिस्फेनॉल गटातली द्रव्यं बऱ्याचदा असतात.

मग धाकट्याला द्यायचं काय? एक मोठा रिकामा खोका. पिना काढून, चिकटपट्ट्या सोलून. तो त्यात बसेल, बाहेर येईल, डोकं घालून आवाज काढेल. हे मी वेळ मारून नेण्यासाठी सांगत नाही. अमेरिकेत रॉचेस्टरला खेळण्यांचं एक राष्ट्रीय सन्मान-दालन आहे, तिथे २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याची निवड झाली आणि २००८ साली साध्या काठीची. थोडं पुढचं काही हवं असेल तर बुटांच्या खोक्याच्या झाकणाला रुंद फट पाडा आणि बरण्यांची मोठी, सहा-सात सेंटीमीटरची झाकणं आत टाकायला द्या. पडल्याचा आवाज, नाहीसं होणं, पुन्हा सापडणं. चौदा महिन्यांच्या मुलाला एवढं पुरतं, आणि ते चार महिने पुरतं.

आता मोठीकडे वळू, म्हणजे जोडाकडे.

पांढरा गोंद, ज्याला आपण सरसकट फेविकॉल म्हणतो, तो आतलं पाणी निघून गेल्यावर घट्ट होतो. पाणी निघायला निदान एका बाजूचा पृष्ठभाग ते शोषणारा लागतो. कागद, पुठ्ठा, लाकूड, कापड यांच्यावर तो म्हणूनच उत्तम धरतो. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक चिकटवलं तर मधलं पाणी अडकून राहतं, आणि पुढे कधी वाळलंच तरी गोंदाची साल निघते. त्यातही बाटल्यांची झाकणं पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात. या दोन प्लॅस्टिकवर घरातला जवळपास कुठलाच गोंद नीट बसत नाही, गरम गोंदाची बंदूकसुद्धा तात्पुरतीच धरते. त्यामुळे 'कोणता गोंद' याचं माझं उत्तर असं: पुठ्ठ्याला पांढरा गोंद, आणि प्लॅस्टिकला गोंदच लावायचा नाही. प्लॅस्टिक भोक पाडून, खाच करून, बांधून किंवा खोचून जोडायचं.

पांढऱ्या गोंदालाही वेळ द्यावा लागतो. पातळ थर लावा, कपड्यांचे चिमटे लावून अर्धा तास सोडा आणि पूर्ण ताकदीसाठी रात्रभर ठेवा. तुमचं खेळणं दुसऱ्या दिवशी मोडतं यातलं निम्मं कारण कदाचित इथेच असेल. लावल्या लावल्या मुलगी ते हातात घेते, जोड किंचित सरकतो आणि सरकलेल्या जागीच वाळतो.

झटपट चिकटणाऱ्या छोट्या ट्यूबमधल्या गोंदाला मी मुलांच्या खोलीत जागा देत नाही. तो कातडीला कातडी चिकटवतो आणि सुती कापडावर सांडला तर तापतो, इतका की चटका बसतो. मैद्याची शिजवलेली खळ मात्र जरूर वापरा. एक भाग मैदा, चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धपारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. नुसता पाण्यात कालवलेला मैदा नीट चिकटत नाही, कारण पिठातला स्टार्च तापल्यावरच फुगतो आणि चिकट होतो. फ्रिजमध्ये ठेवली तर खळ दोन-तीन दिवस टिकते, वास बदलला की फेकून द्या. जुन्या पद्धतीत खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. मुलांच्या खळीत ते अजिबात नको, ते विषारी आहे.

आता एक गाडी सुरुवातीपासून करून बघू, म्हणजे जोड म्हणजे काय ते नेमकं कळेल.

टूथपेस्टचा रिकामा खोका घ्या, दोन्ही तोंडं बंद करून. चाकांसाठी झाकणं नकोत, सामानाच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या. या पुठ्ठ्याची कापलेली कड नीट बघा. दोन कागदांच्या मध्ये नागमोडी कागद असतो, त्याच्या बारीक नळ्या एकाच दिशेने जातात. नळ्यांच्या दिशेने पुठ्ठा ताठ असतो, आडवा वाकवला तर चटकन दुमडतो. म्हणून एकेरी पुठ्ठ्याचं चाक दोन फेऱ्यांतच वाकडं होतं. प्रत्येक चाकासाठी सहा सेंटीमीटरच्या दोन चकत्या कापा आणि एकीच्या नळ्या उभ्या, दुसरीच्या आडव्या अशा येतील त्या बेताने एकमेकींवर चिकटवा. प्लायवूड याच तत्त्वावर बनतं. अशा चार जोड-चकत्या वजनदार पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवा. दुसऱ्या दिवशी बोटांनी वाकवायला गेलात तर त्या दाद देणार नाहीत.

मग मध्य काढायचा. इथेच सगळ्यांची गाडी डुगडुगते. चाक कागदावर ठेवून भोवती रेघ मारा, कागदी गोल कापा, त्याची अर्धी घडी घाला, उलगडून दुसऱ्या दिशेने पुन्हा अर्धी. दोन घड्या जिथे छेदतात तो मध्य. तो कागद चाकावर धरून दाभणाने टोचा. भोक मोठं करू नका, बांबूची काडी दाबून, फिरवत घालावी लागली पाहिजे. साडेचार वर्षांच्या मुलीला कागदाच्या घड्यांचं हे काम झकास जमतं. आणि मध्य आपोआप सापडला की तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. दाभण मात्र तुमच्या हातात, खाली लाकडाचा तुकडा ठेवून.

आता सगळ्यात महत्त्वाचा जोड. चाक काडीवर फिरवायचं नाही. चाक काडीला घट्ट, आणि काडी एका नळीत सैल. नळी म्हणजे जाडसर स्ट्रॉ, खोक्याच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा सेंटीमीटर लांब, म्हणजे चाक खोक्याला घासणार नाही. असं का, तर पुठ्ठ्याचं भोक चार-पाच मिलिमीटर जाडीचं असतं. चाक त्याच्यावरच फिरलं तर प्रत्येक फेरीला भोक झिजून मोठं होतं आणि चाक लडबडायला लागतं. काडी स्ट्रॉमध्ये फिरली की तोच भार पाच सेंटीमीटर गुळगुळीत नळीवर वाटला जातो. दोन्ही स्ट्रॉ खोक्याच्या तळाला लावताना कडेपासूनचं अंतर दोन्ही टोकांना पट्टीने मोजून सारखं ठेवा. स्ट्रॉ प्लॅस्टिकची असेल तर गोंदाच्या नादी लागू नका. खोक्याला चार भोकं पाडून दोऱ्याने बांधा किंवा कागदी चिकटपट्टी दोन ठिकाणी पूर्ण गुंडाळा. काडीची टोकं बोथट करायला विसरू नका.

ही गाडी उतरत्या फळीवरून सोडा. सरळ गेली तर उत्तम. एकीकडे वळत असेल तर दोन काड्या समांतर नाहीत. थरथरत असेल तर मध्य चुकलाय. थांबत असेल तर कुठेतरी घासतंय. दोष बघून कारण ओळखता येणं, हा मला या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो, आणि विकतच्या गाडीत तो मिळत नाही.

याच विचारावर इतर जोड बसवता येतात. हलणाऱ्या हातापायांच्या बाहुलीला खांद्यापाशी दोन भोकं पाडायची, दोरा ओवायचा, दोन्ही बाजूंना एकेक चकती आणि गाठ. पुठ्ठ्याचे प्राणी उभे करायचे असतील तर धडाला आणि पायाच्या तुकड्याला समोरासमोर खाच कापून एकमेकांत खोचायचे. खाच पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच रुंद हवी, सैल झाली तर प्राणी बसकण मारतो. लवचीक जोडाचं सर्वांत सुंदर उदाहरण मला अरविंद गुप्ता यांचं वाटतं. १९७०च्या दशकाच्या शेवटी होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि काड्यापेटीच्या काड्या एवढ्यावर त्रिकोण, चौकोन, घनाकृती उभ्या केल्या. नळीचा तुकडा म्हणजे सांधा. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही, हे मुलांच्या बोटांना कळतं. त्यात गोंदाचा थेंबही नाही, म्हणून ते हजार वेळा मोडून हजार वेळा जोडता येतं. करून बघायचं असेल तर काड्यांची गुलं आधी तुम्ही काढून टाका, आणि धाकटा झोपला असतानाच करा, कारण नळीचे ते तुकडे अगदी बारीक असतात.

आता दुसरा आणि अवघड भाग, मुलगी खेळत का नाही.

सुरुवातीची सहा-सात वर्षं मी सगळं आधी कापून न्यायची. बावीस मुलं, बावीस हत्ती, प्रत्येकाची सोंड आखून दिलेली. एका वर्गात पाच वर्षांच्या एका मुलीने सोंड मागच्या बाजूला लावली. मी मायेनेच, पण हात पुढे करून ती सोडवली आणि पुढे लावून दिली. ती काही बोलली नाही. हत्ती माझ्याकडे सरकवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तास संपल्यावर तिच्या मैत्रिणीने सांगितलं, तो हत्ती मागे वळून आपल्या पिल्लाला पाणी देत होता. ते पिल्लू अजून बनायचं होतं. त्या दिवसापासून मी आकार कापून नेणं बंद केलं. आजही मुलाच्या कामाला हात लावण्याआधी मी विचारते, "हे काय करतंय?" 'हे काय आहे' असं विचारत नाही. वस्तू काय आहे ते मुलांना अनेकदा ठरवायचं नसतं, ती काय करते ते मात्र त्यांना नेमकं ठाऊक असतं.

डेन्मार्कमधले उद्यानरचनाकार सोरेन्सन यांच्या लक्षात असंच आलं होतं. त्यांनी आखलेल्या नीटस क्रीडांगणांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी पडलेल्या फळ्या-विटांत जास्त रमत. १९४३ साली कोपनहेगनजवळ एमद्रुपला त्यांच्या कल्पनेतून भंगाराचं मैदान उभं राहिलं, जिथे मुलांनी स्वतः बांधायचं, मोडायचं आणि पुन्हा बांधायचं. पुढे १९७१ मध्ये ब्रिटिश कलाकार सायमन निकोल्सन यांनी या विचाराला 'सुटे भाग' असं नाव दिलं. परिसरात हलवता, जोडता, बदलता येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितकं मुलांचं शोधणं आणि रचणं जास्त, असं त्यांचं म्हणणं. तुमचं रॉकेट पूर्ण, रंगवलेलं, चिकटवलेलं असतं. त्यात मुलीला बदलायला काही उरत नाही, ती ते फक्त सांभाळू शकते. आणि साडेचार वर्षांच्या मुलीला वस्तू सांभाळण्यात काडीचा रस नसतो.

म्हणून प्रत्यक्षात असं करा. आधी तिचा खेळ बघा. ती गेले आठ दिवस कशाशी खेळतेय? दुकान-दुकान असेल तर तिला खोक्यांचे कप्पे आणि तराजू हवा आहे. डॉक्टर-डॉक्टर असेल तर एक नळी आणि एक झाकण. गरज तिच्या खेळातून आली की खेळणं वापरलं जाणारच, मग ते कितीही ओबडधोबड असो. व्हिडिओतून सुरुवात केली तर गरज तुमची असते.

मग काम वाटून घ्या. कापणं-टोचणं तुमच्याकडे. पट्टी फाडणं, खळ लावणं, दाबून धरणं, कुठे काय लागेल ते ठरवणं तिच्याकडे. कागदी चिकटपट्टी या वयाला फार सोयीची, हाताने फाटते आणि चुकली तर निघते. या वयाची मुलं पट्टी अतोनात वापरतात, ते थांबवू नका, वाटल्यास सुरुवातीला वीस तुकडे टेबलाच्या कडेला लावून द्या. कात्रीचं म्हणाल तर गोल टोकाची आणि खरोखर कापणारी द्या. बोथट कात्रीने मुलं जोर लावतात आणि तिथेच इजा होते. पुठ्ठ्याला त्यांची कात्री चालत नाही, पातळ खोके चालतात. खोका सरळ दुमडायचा असेल तर संपलेल्या बॉलपेनने पट्टी लावून घडीची रेघ दाबून मारा, हे तीसुद्धा करू शकते.

वेळ अर्धा तास. तुम्ही दोन-अडीच तास म्हणालात, त्यातला शेवटचा दीड तास बहुधा तुम्ही एकट्याच काम करत असाल. अर्धवट राहिलं तर राहू द्या, एका ताटलीत ठेवा, उद्या पुढे. अर्धवट वस्तूशी मुलं जास्त खेळतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मुद्दाम एखादं काम बाकी ठेवते: खिडकी कापायची, शिडी लावायची, चालक बसवायचा.

तुमच्याकडे बाटल्या बऱ्याच आहेत म्हणून त्यांच्याबद्दल थोडं. पाण्याच्या बाटल्यांचं पेट प्लॅस्टिक ७०-८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, म्हणून धुताना उकळतं पाणी नको, बाटली आक्रसते. कापलेली कड सुरीसारखी असते, तिच्यावर कापडी चिकटपट्टी दोन्हीकडून दुमडून लावा. भोक पाडायला तापलेला खिळा वापरू नका, धूर मुलांच्या नाकात जातो. रंग बाटलीवर टिकत नाही, पोपडे धाकट्याच्या तोंडात जातील, त्यापेक्षा आतून रंगीत कागद घाला. आणि मणी भरलेला बाटलीचा खुळखुळा धाकट्याला देऊ नका. झाकण कितीही पक्कं बसवलं तरी बाटली चिरते, आणि आतला प्रत्येक मणी त्याच्या तोंडात जाण्याजोगा असतो. मोठीच्या खेळात त्याच बाटल्यांची नरसाळी आणि पाण्याच्या धारा होऊ शकतात. बूच नसलेली बाटली, तळाशी एक भोक, त्याच्या वर दोन आणखी, आणि बादली. सगळ्यात खालच्या भोकातली धार सगळ्यात जोराने का येते, हे ती स्वतःच विचारेल.

राहिला पसारा. साठवायला एकच खोका ठेवा, भरला की नवीन वस्तू तेव्हाच आत येईल जेव्हा जुनी बाहेर जाईल. आत जाणारी वस्तू धुतलेली आणि पूर्ण वाळलेली हवी. अंड्यांचे ट्रे डाग असेल तर घेऊच नका. छोट्या वस्तूंना, म्हणजे झाकणं, बटणं, दोरे यांना घट्ट झाकणाची वेगळी बरणी आणि उंच फळी. ती मी काढताना मोजते आणि ठेवताना पुन्हा मोजते. बारा झाकणं निघाली तर बारा परत जायला हवीत, अकरा भरली तर टेबलाखाली गुडघ्यावर बसून शोधायचं, मगच धाकट्याला खोलीत येऊ द्यायचं. हे मोजणं तुमच्या मुलीकडे सोपवा, ती ते फार मनापासून करेल.

मोडलेल्या खेळण्यांसाठी दुसरा एक छोटा खोका ठेवा, त्यावर तिलाच काहीतरी चित्र काढू दे. आठवड्यातून एकदा तो उघडून विचारायचं, हे दुरुस्त करायचं की सुटं करायचं? सुटं करायचं ठरलं तर काड्या, चाकं, दोरे परत सामानात. म्हणूनच मी चमकी आणि भरमसाट गोंद टाळते. नुसता पुठ्ठा रद्दीत जाऊन पुन्हा कागद होऊ शकतो, नुसती बाटलीही पुन्हा वापरात जाते. पण पुठ्ठा, प्लॅस्टिक, चमकी आणि गरम गोंद एकत्र घट्ट झाले की त्या वस्तूला कचऱ्याशिवाय दुसरी जागा राहत नाही.

या शनिवारी तुमच्या मोडलेल्या मोटारीपासून सुरुवात करता येईल. झाकणं काढून बरणीत टाका, दोन स्ट्रॉ बांधा, पुठ्ठ्याची चाकं आदल्या रात्रीच पुस्तकाखाली दाबून ठेवा. मोटारीत कोण बसणार आहे आणि ती कुठे निघाली आहे, ते मुलीला विचारून घ्या, म्हणजे खिडक्या किती आणि कुठे कापायच्या ते कळेल.